हळदीच्या ओटीवरची हाय-फाय

मी मूळचा साताऱ्याचा, कारखान्याच्या नोकरीने बोईसरला आलेला. तिथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरची मुलगी केली आणि काही वर्षांनी सासुरवाडीला, कुणी मागितलेली नसताना, हाय-फाय म्युझिक सिस्टीम बसवली. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ओटीवर, मधे नुसता वायफाय. मी स्वच्छ आवाजावर व्याख्यान दिलं. सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "ह्याच्यावर मासळीचा भाव सांगतात काय?"

पुढे मेहुणीचं लग्न ठरलं. इथे हळदीला धवलारीण लागते. ती लग्नाची गाणी, म्हणजे धवले गाते. घरातल्या प्रत्येक हळदीला हा मान बायकोच्या आत्याचा. नेमका तापाने तिचा घसा बसला. जवळच्या माहीम गावाहून दुसरी धवलारीण आणायची गोष्ट निघाली, तशी आत्या जेवणावरून उठून गेली.

मी उदारपणे तोडगा काढला. मेहुण्याच्या लग्नात मी आत्याचं गाणं चांगल्या मायक्रोफोनवर रेकॉर्ड केलं होतं. तेच लावू. आवाज आत्याचा, मानही आत्याचा.

आत्याने मला नीट न्याहाळलं. "वाजवा, जावयबापू," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

हळद लागली. गाणं इतकं स्वच्छ की आत्याच्या बांगड्याही ऐकू येत होत्या. मी डोळे मिटून मान डोलावत होतो. मग ती ओळ आली जिच्यात नवरा-नवरीची नावं घालतात. दोन्ही स्पीकरमधून नवरदेव म्हणून खणखणीत नाव आलं ते नवरीच्या सख्ख्या भावाचं.

"अगो, आमच्या ह्यांचं परत लगीन लागतंय!" मेहुण्याची बायको ओरडली.

"कोनाशी?" बायकांतून एकीने विचारलं.

"माझ्याशीच!"

"मंग आता तरी नाय म्हन!"

मी मोबाइलवरून गाणं थांबवायला गेलो, तर वायफायने मला ओळख दाखवली नाही. आत पळालो. दारात हळदीची ताटं घेतलेल्या बायका. त्यांच्यातून वाट काढली, तर कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला. हळदीच्या बोटांनी मी तो दोनदा चुकवला. तोवर पुढचं कडवं सुरू झालं. नावं प्रत्येक कडव्यात असतात, हे ज्ञान मला तिथे मिळालं.

अचानक शांतता. बाहेर आलो, तर आत्या स्पीकरशेजारी उभी. हातात भिंतीतून उपटलेला प्लग. तिने खाकरून फाटक्या आवाजात धवला उचलला, बरोबर नावं घालून. जिथे आवाज तुटला तिथे बायकांनी धरला.

कडवं संपल्यावर मी हळूच विचारलं, "आत्या, तुम्हाला माहीत होतं?"

"मीच गायलेलं. मला नाय म्हाईत?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी कवापासून बोलताय. मधी कोन शिरनार?" तिने प्लग माझ्या हातात दिला. "घशाला गरम पानी आना. तेवढं जमंल ना?"

तेवढं जमलं.