‘मुरव’ म्हटल्याशिवाय दार उघडेना

एनिड,

तुझ्यावर चार पानं लिहायला बसले आहे. गोडगोड लिहिणार नाही. तुला गोडाचं वावडंच होतं. परवा चर्चच्या हॉलमध्ये तुझ्या नावानं जी भाषणं झाली, ती ऐकून कुणाला वाटावं की तू संतच होतीस. संत कसली! टेलिफोनवरून अनोळखी माणसांना गाढव म्हणणारी बाई तू. ती गोष्ट कुणीच सांगितली नाही, म्हणून मी, तुझी शेजारीण, सांगते. मध्येच तोंड घालायला तू नाहीस, त्यामुळे एकदाची पुरी तरी होईल.

तर एनिड थॅकरे ही उत्तर इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या बार्न्स्लीजवळच्या आमच्या गावात शाळेतल्या मुलांना जेवण वाढायची. तिच्या हातात पळी असली की हेडमास्तरसुद्धा मुकाट्यानं रांगेत उभे राहायचे. तिची शाळा पंधराव्या वर्षीच सुटली होती, पण वर्तमानपत्रातलं शब्दकोडं ती पेन्सिलीनं नव्हे, शाईच्या पेनानं सोडवायची. खोडायची वेळ आपल्यावर येणारच नाही, असा एकंदर स्वभाव.

१९८५ साली तिच्या नवऱ्यानं, वॉल्टनं, घरी कॉम्प्युटर आणला. कबुतरांच्या शर्यतीच्या वेळा त्यात मांडायच्या होत्या. दोन दिवसांत तो कंटाळला. “ह्याच्यापेक्षा माझी कबुतरं शहाणी,” म्हणाला आणि खुराड्याकडे निघून गेला. ते रबरी बटणांचं पाटीएवढं खोकं एनिडच्या वाट्याला आलं.

तेव्हाचे खेळ कॅसेटवर यायचे. टेप लावली की पाच मिनिटं दारात मांजराची शेपटी सापडल्यासारखा आवाज, आणि मग टीव्हीच्या पडद्यावर नुसती अक्षरं. चित्र म्हणून नाही. ‘तुम्ही गुहेत आहात. उत्तरेला दार आहे.’ आपण बटणं दाबून लिहायचं, ‘दार उघड’. खेळ करणाऱ्यानं यंत्राला तो शब्द शिकवला असेल तर दार उघडणार. नसेल तर यंत्र म्हणणार, ‘असलं काही मला येत नाही.’ बस, एवढाच खेळ. पण लोक त्यापायी जेवणं विसरायचे.

एनिडनं असला एक खेळ आठवड्यात संपवला आणि म्हणाली, “ह्याहून बरा मी लिहीन.” वाचनालयातून पुस्तक आणलं, इस्त्रीच्या टेबलावर खोकं मांडलं, आणि सहा महिन्यांत खरंच लिहिला. नाव ‘तळघर’. त्यात तळघराच्या दाराशी एक खडूस म्हातारी खुर्ची टाकून बसलेली. तिला चहा दिल्याशिवाय ती किल्ली देत नाही. किटली, पाणी, पत्ती, सगळं घरात शोधून काढायचं.

गावात ज्यानं त्यानं तो खेळून पाहिला. खाटकाला म्हातारीनं पहिल्या फटक्यात किल्ली दिली. पोस्टवालीलाही दिली. वॉल्टच्या बहिणीला तर चष्मा न लावता जमलं. मग एनिडनं एका मासिकात जाहिरात दिली, कॅसेटी पोस्टानं देशभर गेल्या. वेष्टनावर घरचा टेलिफोन नंबर: ‘अडलात तर शनिवारी दुपारी दोन ते चार.’

अडले. सगळेच अडले, आणि सगळे म्हातारीपाशीच. शनिवारमागून शनिवार टेलिफोन खणखणायचा, मधल्या दिवसांत पत्रं यायची. चहा देता येत नाही म्हणून डेव्हनमधून रडगाणं, केंटमधून रडगाणं. एनिडचा नियम असा, की उत्तर सांगायचं नाही, फक्त वाट दाखवायची. ती म्हणायची, “नीट विचार करा. तुमच्या आईनं काय केलं असतं?” आणि रिसीव्हर ठेवला की वॉल्टला, “दक्षिणेतल्या लोकांना साधा चहासुद्धा येत नाही रे. कसं व्हायचं ह्या देशाचं!”

असे चार महिने गेले. मग नोव्हेंबरातल्या एका शनिवारी लंडनहून ऑब्रे फेनविक नावाच्या गृहस्थाचा टेलिफोन आला. एनिडनं जाहिरात दिली त्याच मासिकात तो ह्या खेळांवर लिहायचा. त्याचं वाचून लोक कॅसेट घ्यायची की नाही ते ठरवत.

“थॅकरेबाई, माझा लेख सोमवारी छापायला जातो,” तो म्हणाला. “तुमचा खेळ पुरा होऊच शकत नाही, असं त्यात लिहिणार आहे. आधी कळवावं म्हटलं.”

एनिड जिन्याखाली टेलिफोनपाशी उभी होती, पायांत वॉल्टच्या सपाता. तिचे कान तापले. अशा खेळात ह्याचा अर्थ एकच, बाईनं लोकांना फसवलं. आणि ते मासिक आमच्या गावातही येत होतं.

“होतो की पुरा! आमच्या खाटकानं केलाय.”

“मग मला का होत नाही? किटलीत पाणी आहे, भांड्यात पत्ती आहे. ‘चहा कर’ लिहिलं, नाही म्हणतंय. ‘चहा बनव’, नाही. ‘चहा उकळ’, नाही.”

“उकळ? चहा उकळता तुम्ही? अहो, म्हातारीनं किटली फेकून कशी मारली नाही?”

“तर मग उत्तर सांगून टाका आणि मोकळ्या व्हा.”

“उत्तर सांगणार नाही. सांगितलं तर खेळ कसला? घास भरवायला मी काय तुमची आई आहे?”

“माझ्या आईला मध्ये आणू नका, बाई. ती उत्तम चहा करते.”

“मग तिलाच बोलवा!”

अर्धा तास हे चाललं. नाव जायची वेळ आली तरी बाई उत्तर सांगेना, आणि तोही रिसीव्हर ठेवीना. तेवढ्यात मागच्या दारानं वॉल्ट आला, बाहीला कबुतराचं पीस चिकटलेलं.

“अगं, संपलं का? माझी रग्बी लागलीय.”

“वॉल्ट, हे लंडनचं गाढव काय ऐकत नाही!” रिसीव्हरवर हात ठेवायचं तिला सुचलंच नाही. “घसा सुकला माझा. जरा चहा मुरव ना, राजा.”

 पलीकडून रबरी बटणांचा बारीक टपटप आवाज.

“बाई,” फेनविक हळूच म्हणाला, “म्हातारी उठली. म्हणते आहे, ‘झकास मुरलाय. घे किल्ली.’”

“बघा! झालं की नाही?”

“झालं. पण ‘मुरव’ म्हणजे काय?”

“मुरव म्हणजे मुरव! चहाचं आणखी काय करतात?”

“आमच्याकडे कांद्याचं लोणचं मुरवतात, बाई. चहा करतात.”

एनिडला हे आक्रीतच. “सगळीकडं?”

“तुमच्या यॉर्कशरच्या टेकड्या सोडल्या तर बहुधा सगळीकडे.”

त्रेपन्न वर्षांची बाई. सुट्टीला कधी गेलीच तर ब्रिडलिंग्टनच्या समुद्रावर, आणि तिथेही वाळूत निम्मं आमचंच गाव पसरलेलं. चहाच्या शब्दालाही वेस असते, हे तिला कुठून कळणार? तिनं यंत्राला एकच शब्द शिकवला होता, कारण दुसरा असतो हे तिच्या गावीही नव्हतं. ती जिन्याच्या पायरीवर बसली.

“लिहा मग,” ती म्हणाली. “खेळ पुरा होत नाही असंच लिहा. खोटं नाही ते.”

तिकडे फेनविकला हसू आवरेना. त्यानं लिहिलं ते असं: ‘हा खेळ पुरा होतो. फक्त त्यासाठी आधी यॉर्कशरमध्ये जन्म घ्यावा लागतो. तेवढं सोडल्यास उत्तम.’ खाटकानं ते पान कापून दुकानात सॉसेजच्या वर लावलं. त्या हिवाळ्यात मागणी एवढी आली, की पोस्टवाली एनिडशी बोलेनाशी झाली.

एनिडनं खेळ दुरुस्त केला. आता ‘चहा कर’ लिहिलं तरी चालायचं, पण म्हातारी कुरकुरायची, ‘केलास होय? बरं, दे. मुरवला असतास तर बरं झालं असतं.’ ज्यांनी ज्यांनी पत्रं लिहिली होती त्या सगळ्यांना नवी कॅसेट गेली, सोबत हातानं लिहिलेली ओळ: ‘गाढव मीच होते.’ तिकिटं चाटून चाटून वॉल्टची जीभ कोरडी पडली.

एक कॅसेट मात्र पोस्टात टाकली नाहीस तू. क्रोमरच्या मिस लव्हिनिया ग्रिम्सहॉची. तिनं लिहिलं होतं, ‘मी एकटी राहते. आजवर मला चहा बरा जमतो असं वाटत होतं.’ आणि तू तिला कार्डावर दोन शब्द धाडले होतेस, ‘शिकून घ्या.’ ते कार्ड तुला फार लागलं. “हिला पोस्टानं नको,” तू म्हणालीस. “तुझ्याकडं गाडी आहे. आपण दोघी जाऊ. तिच्याच स्वयंपाकघरात तिला मुरवून देते.”

मी म्हटलं, ईस्टरनंतर. ईस्टरनंतर माझ्या परीक्षा आल्या, मग तुझं कमरेचं ऑपरेशन, मग म्हटलं थंडी सरू दे. तेव्हापासून मी तीन गाड्या बदलल्या. दर वेळी जुन्या गाडीच्या कप्प्यातून ती कॅसेट काढून नव्या गाडीच्या कप्प्यात ठेवली. क्रोमर इथून फक्त चार तासांवर आहे.