कालवांच्या ढिगाऱ्याचं वय

आस्गरचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. राय धान्याचा पाव, काळी कॉफी, मग सायकलने लीमफ्योर्ड खाडीच्या काठावर. वीटभट्टीत तीस वर्षं काढलेला गडी. आता प्राचीन शिकारी लोकांनी खाऊन टाकलेल्या कालवांच्या शिंपल्यांचा ढिगारा खणायला रोजंदारीवर होता. शेजारचाच चौकोन त्याचा मेहुणा विलाड्स खणायचा.

आस्गर थापीने बोटभर थर उतरवायचा. तळाशी चूल लागली तेव्हा तिथला कोळसा त्याने चिमट्याने वेचला, हात लावला नाही. राख मिसळू नये म्हणून उन्हाळाभर पाइप ओढला नाही. विलाड्सने त्याच थरातली कालवं ओंजळीने उचलून पिशवीत टाकली, तीही गाणं म्हणत.

दोन्ही नमुने कार्बनवरून वय काढायला प्रयोगशाळेत गेले. ढिगाऱ्याचं वय आपल्या कोळशावरून लागावं, एवढीच आस्गरची इच्छा होती.

फेब्रुवारीत आकडे आले. विलाड्सने ते बहिणीच्या घरी जेवताना वाचून दाखवले.

"दाजी, तुमचा कोळसा पाच हजार नऊशे वर्षांचा. माझी कालवं सहा हजार तीनशेची! काढा टोपी."

"थर एकच आहे," आस्गर म्हणाला.

"थर एकच, पण हात निराळा ना!"

आस्गरची बायको मेटा खळखळून हसली. तळलेल्या हेरिंग माशाचा मोठा तुकडा तिने भावाला वाढला. "लहानपणापासून याचा हातगुणच तसा."

इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या हाताबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. आठवडाभर आस्गर आतल्या आत जळत राहिला.

शनिवारी उत्खननाच्या प्रमुख रिग्मोरबाई घरी आल्या, तेव्हा विलाड्सही तिथेच होता.

"समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन असतो. कालवं त्यावरच वाढतात, म्हणून चारशे वर्षांनी म्हातारी दिसतात. तेवढी वजा केली की दोन्ही वयं जुळतात. पण संग्रहालयाच्या फलकावर मी कोळशाचं वय घालतेय. इतका स्वच्छ नमुना मी पाहिला नव्हता."

आस्गरने बायकोकडे पाहिलं. ती भावाकडे पाहत होती.

"म्हणजे विलाड्सचंही बरोबरच आलं की!" मेटा म्हणाली.

"मग! बरोबरीत सुटलो, दाजी." विलाड्सने त्याच्या पाठीवर थाप मारली. ती आस्गरला दिवसभर झोंबत राहिली.

मे महिन्यात कोपनहेगनला फलक लागला. मेटाला घेऊन तो बघायला जायचं, म्हणून आस्गरने उन्हाळ्याची मजुरी तशीच ठेवली होती. विलाड्सची केव्हाच बिअरमध्ये गेली होती.

"विलाड्स नाही, तर मीही नाही," मेटाने बजावलं.

आस्गर स्टेशनवर गेला आणि जायची-यायची तीन तिकिटं काढून आला.