दोन तासांची दिल्ली

मालनबाई गोठ्यात धार काढत होती आणि घरात बाप-लेकीचं जुंपलं होतं. गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. सत्यशीलाला दिल्लीच्या कंपनीत नोकरी लागली होती आणि सूर्यभान काही केल्या सोडायला तयार नव्हता.

"आमी मेलो तर माती व्हायच्या आत पोचशील का गं?"

"दोन तास लागत्यात, दादा. पुण्यात विमानात बसलं की दोन तासांत दिल्ली. तुमची एसटी राहुरीवरनं पुण्याला जायला त्याच्या दुप्पट लावती."

मालनबाई भरली किटली घेऊन आत आली. "जाऊ द्या पोरीला. तुमची भन संगमनेरला हाय, ती तरी कवा येती?"

सूर्यभान उठून पोरीसाठी माळ्यावरची पेटी काढायला लागला.

मालनबाई दुसरीपर्यंत शिकलेली. तिला अंतर मैलांत कळत नसे, कामात कळे. दोन तास म्हणजे दोन म्हशींची धार, शेणकूर आणि डेअरीला जाऊन येणं. तेवढ्यावर दिल्ली. आभाळात विमान घरघरलं की शेजारच्या केशरबाईला म्हणायची, "हे बघ, चाललं माझ्या शीलाच्या दारात."

"मग भाकरी तरी बांधून द्यायची," केशरबाई म्हणायची.

सत्यशीला वर्षातून एकदा यायची. अंधारात घर सोडून, विमानतळावर ताटकळून, पुण्याहून पुन्हा गाडीत आंबून. आई विचारायची, "दोन तासांत आलीस न्हवं?" ती म्हणायची, "व्हय." आईचा सगळा धीर त्या दोन तासांवर होता, तो मोडायचा कोणी? सूर्यभान गेला तेव्हाही ती नेमकी सुट्टीला घरीच होती.

यंदा संक्रांतीनंतर मालनबाईच्या छातीत कळा येऊ लागल्या. राहुरीचा डॉक्टर म्हणाला, लेकीला बोलावून घ्या.

"आत्तापास्नं कशाला?" ती केशरबाईला म्हणाली. "माझ्या मरनाची वाट बघत बसंल व्हय ती? जायच्या वक्ताला तेवढं तिचं तोंड बघायचंय मला. दोन तास आधी सांगू की."

एका मंगळवारी ती घाम पुसतच उठली. "केशर, आज लाव फोन," म्हणाली आणि धारेला बसली.

फोनवर सत्यशीला रडत रडत वेळ मोजत होती. घरून विमानतळ दीड तास. तिकीट मिळालं ते दुपारी चारचं. पुण्यातून पुढं गाडीनं चार तास. "मावशी, रात्रीचे अकरा वाजतील. आईला सांगू नका."

केशरबाई गोठ्यापाशी येऊन उभी राहिली.

"निघाली का गं?"

"निघाली."

"मग दूध घालून येते. तवर येईलच."

"तू पड, मी जाते."

"ऱ्हाऊ दे. तुझ्या हातानं माझ्या म्हशीचं फॅट कमी लागतंय."

दुपारी एकला मालनबाई गेली. लेक तेव्हा दिल्लीच्या विमानतळावर रांगेत उभी होती. माती तिच्यासाठी थांबवली, पण डोळे कोणासाठी थांबतात?

त्या सकाळी डेअरीवर मात्र मालनबाई वेळेवर पोचली होती. मापाला बसलेला आसाराम म्हणाला, "काकू, किती घामेजलात! बसा जरा."

"बसायला येळ न्हाई. लेक येतीया. आधी माझं मोज."

त्यानं तिचं दूध मोजलं. तिनं पावती कनवटीला लावली, नळाखाली किटली दोनदा विसळली, पाणी निथळू दिलं आणि घराकडं निघाली.