गळती ऐकणारे कानमामा

कारखान्यात त्यांना सगळे कानमामा म्हणत. तिथली यंत्रं दाबलेल्या हवेवर चालायची, आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर म्हणजे वीज खाणारा बकासुर. नळीचा एखादा जोड जरा सैल झाला की हवा निसटायची, आणि यंत्रं बंद असली तरी तो बिचारा गळकी घागर भरत बसायचा. साहेबांनी मीटर बसवला होता. पण वीज किती गेली ते मीटर सांगतो, हवा कुठून गेली ते नाही. त्यासाठी मामांचे कान होते.

सुट्टीच्या दिवशी सारं शांत झालं की मामा साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन निघत. सुस्कारा ऐकू आला की तिथे फेस लावायचा, फुगा आला की पान्याने जोड आवळायचा. हा फेरा त्यांना फार आवडे. उंच खिडक्यांतून ऊन उतरायचं, धूळ त्यात पोहत राहायची, आणि मामांना वाटायचं, सगळे झोपलेल्या घरात आपण एकटेच अनवाणी हिंडतोय.

त्या सुट्टीला एकही सुस्कारा आला नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती शांतता. मामा मधोमध डोळे मिटून उभे राहिले. जन्माचं सार्थक झालं, असं त्यांना खरंच वाटलं.

मग ते कॉम्प्रेसरच्या शेडमध्ये गेले. टाकी भरून मोटर केव्हाच थांबली असणार, अशी त्यांची खात्री होती. हात ठेवला तर मोटर थरथरत होती. मीटरचे आकडे सरकत होते. म्हणजे हवा गळतच होती. फक्त मामांना ती ऐकू आली नव्हती.

मोटर म्हातारी झालीय, असं साहेबांना सांगितलं असतं तर खपून गेलं असतं. खरं सांगितलं तर हे काम जाणार, नाव जाणार, ही सुट्टीची दुपार जाणार. मामा तिथेच बसून राहिले. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. तीही इथेच पॅकिंगला होती.

"मला ऐकू येत नाही गं," मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले.

तिने डबा खाली ठेवला आणि त्यांना हाताला धरून आत नेलं. दारातच ती थबकली.

"अगंबाई! अहो, सगळीकडे सूं सूं चाललंय की!"

मग तिने बोट दाखवावं, मामांनी फेस लावावा आणि टपोरा फुगा वर यावा, असं बराच वेळ चाललं.

"उद्या साहेबांना खरं ते सांगा," ती ओरडून म्हणाली. "ऐकायला मी येत जाईन."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"दोन वर्षं घसा फोडून बोलतेय, ते काय हौस म्हणून?"

मामांचा ब्रश हातातच राहिला. त्यांना वाटत होतं, वय झालं तशी ही चिडकी झाली, आपल्याला कंटाळली. दोन वर्षं ते मनातल्या मनात तिच्यावर रुसून बसले होते.