क्लीनर साइडचा नट

आलापल्लीची गोष्ट म्हनलं का तुमाले वाटन, आता वाघ निघन. नाई निघत. सागवानाच्या मागून कोनी पोरगी बी नाई निघत. निघनार हाय ते ट्रकचं चाक, अन् ते बी मोठ्या मुश्किलीनं. ज्याले वाघच पाह्यजेन त्यानं इथीच उतरून जावं.

ऐंशी साल उलटून दोन-चार वर्सं झाली असतीन. मी आलापल्लीत, लाकडाच्या ट्रकांच्या ग्यारेजात होतो. घर वडशाचं, शिक्षन दहावी नापास, अन् अंगात एकच कला, कोनाचाही आवाज काढनं. हिवाळाभर वडशात नाटकं पाहून ही खोड लागली होती. आमच्या मिस्त्रीचा आवाज तं मी असा काढो का त्याची बायको डबा घिऊन आली का ट्रकच्या आडून मलेच "या जी, जेवून घ्या" म्हने.

नट खोलाचं आमचं शास्त्र सोपं होतं. पयले पाना. नाई आयकला तं रॉकेल पाजाचं. मंग हातोडी. तरी नाई तं पान्याच्या दांड्यावर पुरुषभर लांब लोखंडी पाइप चढवाचा, अन् त्याच्या टोकाले लटकाचं. दांडा जेवढा लांब, नट तेवढा नरम. "पाइप लावला का हत्ती बी खाली बसते," मिस्त्री म्हने.

पन एक गोम होती. आमच्या जुन्या ट्रकांच्या क्लीनर साइडले, म्हनजे डाव्या बाजूले, नटांचे आटे उलटे. ड्रायव्हर साइडले जसं खोलते तसं इकडे फिरवलं का नट उलट आवळते. नवीन मानूस आला का त्याले हे सांगाचं नाई, ही ग्यारेजची रीत. त्याले क्लीनर साइडले बसवाचं, घाम काढू द्याचा, अन् शेवटी मिस्त्री वरडे, "उलटा फिरव बे, भैताडा!" मंग सारे हासत. माह्यावर बी हासले होते.

त्या उन्हाळ्यात एक मानूस आला, चाळिशीचा, जंगलातल्या गावचा. डेपोत हेल्यांच्या, म्हनजे रेड्यांच्या, जोडीनं लाकडं ओढे. क्रेन आली, हेले इकले. संग बायको, तिच्या डोक्यावर गाठोडं. मालकानं त्याले सांगतलं, "मागची चाकं दोनी बाजूनं खोल. दुपारून हा ट्रक जंगलात गेला तं तुले कामावर ठेवतो. नाई तं आला तसा जाय."

बायको चिंचेखाली बसली. गाठोडं सोडलं नाई.

ड्रायव्हर साइडचं चाक त्यानं पाइप न लावता खोललं. साधा पाना, अन् त्याचे हात. मले रागच आला. दोन वर्सं मी पाइपाले वटवाघळासारखा लटकून राह्यलो होतो, अन् हा पयल्याच दिवशी असा खोलते?

मंग तो क्लीनर साइडले आला. मिस्त्री मागं हापशीवर आंग धुऊन राह्यला होता. रीतीपरमानं त्यानंच येऊन थांबवाचं होतं. मानसानं जोर लावला. नट हालेना.

"भाऊ, हा काऊन नाई आयकून राह्यला जी?" त्यानं मले इचारलं.

"जोर कमी पडते. भात नाई का खाल्ला सकाळी?"

बायकोनं मान वर केली. मी ट्रकच्या मागं गेलो अन् मिस्त्रीच्या आवाजात वरडलो, "पाइप लाव बे! चढ वर, दोनी पायानं!"

"हो जी, मिस्त्रीभाऊ."

पाइप लावला. चढला.

"अजून! नाचून पाह्य!"

तो नाचला. ग्यारेजातले सारे पोट धरून बसले. नवरा पाइपावर नाचते अन् बायको हात जोडून पाह्यते, असं नाटक वडशात बी लागलं नोहोतं.

मंग बार उडाल्यासारखा आवाज झाला. बोल्ट बुडापासून तुटला. पाइप खाली अन् मानूस थोबाडावर, चाकाच्या लोखंडावर. समोरचे दोन दात मातीत. तो उठला, तोंडात रक्त, अन् पयले नटाकडे पाह्यलं.

"सुटला का जी?"

दात गेल्यानं ते "थुतला" असं आलं. मी त्याच्या समोरच "थुतला, थुतला" करून दाखवलं. सारे पुन्हा हासले. बायको उठून आली, त्याचं तोंड पुसलं, मातीतले दात येचले अन् पदराच्या गाठीत बांधले.

मालक आला. "पयल्याच दिवशी बोल्ट तोडला? चाल, निघ."

"मिस्त्रीभाऊनंच सांगतलं जी, चढ म्हनून."

मिस्त्री ओल्या केसांनी उभा होता. "म्या तं आंग धूत होतो," त्यानं म्हनलं. माह्याकडे पाह्यलं, अन् मान पुसाले लागला.

गाठोडं पुन्हा डोक्यावर गेलं. दोघं आले त्याच रस्त्यानं गेले.

मालकाची पाठ फिरली अन् मिस्त्रीनं माही गचांडी धरली. "हरामखोर! माह्या आवाजात मानूस पाडते? म्या मालकाले एक शब्द सांगतला असता तं तो इथी राह्यला असता अन् तू वडशाच्या गाडीत! म्या काऊन नाई सांगतलं? उद्या दोन गिअरबॉक्स उतरवाचे हायेत, अन् ते तुले येते, त्याले नाई येत, म्हनून! आता तो गावभर सांगन, मिस्त्रीनं माहे दात पाडले. त्याच्या बायकोनं माह्याकडे कसं पाह्यलं, तू पाह्यलं का? मान काऊन खाली घालते? मघा तं लय तोंड चालत होतं. ऊठ, तो तुटका बोल्ट ठोकून काढ. अन् कोनाचा आवाज काढशीन तं याद राख, जीभ पान्यात धरून फिरवीन!"