एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

मी मुलगी पाहायला गेलो आणि गणितात नापास होऊन परत आलो. गोरेगावच्या एका शाळेत तेव्हा मी गणितच शिकवत होतो, ही त्यातली जास्त लाजेची बाब.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. मुलगी आमच्याच जिल्ह्यातल्या सालेकशाची, नाव प्रज्ञा, बी.एस्सी. झालेली. वडील रेल्वेत, रुळांच्या दुरुस्तीवर. मी, बाबा आणि मामा दोन मोटारसायकलींवर गेलो. (एक गाडी मामांनाच पुरत नसे.)

जय भीम झाला, पोहे झाले. मामांनी "सैपाक येते का?" सुरू केलं, तेव्हा मला वाटलं, आता आपण चमकायचं. माझ्याकडे एक हुकमी आकडा होता, १४२८५७. कुठल्याशा कोड्यांच्या सदरात वाचलेला. त्याच्या जोरावर मी शाळेत सहा वर्षं हुशार म्हणून मिरवत होतो.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी तो लिहिला. "याला दोननं गुणा."

तिनं गुणलं. २८५७१४.

"तिनानं?"

४२८५७१.

"पाहा, तेच आकडे गोल फिरून येतात," मी म्हणालो. मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. (हा मान ते सहसा कुणाला देत नसत.) तेवढ्यानं मला चढली. "कशानंही गुणा, हेच होणार."

"सातनं गुणू?" प्रज्ञानं विचारलं.

"गुणा ना."

उत्तर आलं ९९९९९९.

"तुमचा हातचा चुकला," मी मोठ्या मनानं म्हणालो आणि पेन्सिल घेतली. मी एकदा गुणलं, दोनदा गुणलं, तिसऱ्यांदा तर ओठ हलवत गुणलं. नऊ काही हटेनात. बाबा छताकडे पाहू लागले.

"काऊन मास्तर, का झालं?" तिच्या वडिलांनी विचारलं.

"तसं का होतं, ते मलाही माहीत नाही," मी खरं ते सांगून टाकलं.

"सर, एकाले सातनं भागून पाहा," प्रज्ञा शांतपणे म्हणाली. "दशांशात हेच सहा आकडे येत राहतात. दोन सप्तमांश, तीन सप्तमांश, काहीही घ्या, आकडे तेच, फक्त सुरुवात दुसरीकडून. पन सात सप्तमांश म्हंजे पूर्ण एक. मग फिराले काही उरतच नाही. नऊच नऊ."

मग तिनं आपणहून आठनं गुणलं. ११४२८५६.

"आता सात आकडे झाले. समोरचा एक उचला अन् मांगच्या सहा आकड्यांत मिळवा."

पुन्हा १४२८५७. सहा वर्षं मी तो आकडा नुसता नाचवत होतो. तिनं त्याचं घर दाखवलं. आपण कशाला आलोय हेच मी विसरलो आणि पाहतच राहिलो.

"बेटा, तोंड मीट," बाबा कुजबुजले.

 परतताना रेल्वे फाटकाशी गाड्या थांबल्या तेव्हा मामा म्हणाले, "पोरगी पाह्याले गेलो होतो का पेपर द्याले?" मी नकाराची तयारी केली. झोप उडाली, कारण आता दुसरी कोणतीच मुलगी नको होती.

चार दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन आला. "पोरगी म्हंते, सरले काही येत नाही. पन गुणाकार तीनदा तपासला, अन् माहीत नाही असं सर्व्यांसमोर म्हनाले. तिचा होकार आहे."

लग्नाला आता बरीच वर्षं झाली. संध्याकाळी दारात मुलं येतात.

"मॅडम आहेत का?"

"मी आहे ना. काय हवं?"

"नाही सर, राहू द्या. गणित विचाराचं होतं."