अन् माणसाले काय सांगतलं?

कुणी नवा नियम सांगायला लागलं की ती डोक्यावरची चुंबळ काढून जमिनीवर टाकायची, तिच्यावर बसायची आणि सगळं ऐकून झाल्यावर विचारायची, "हे बायाईले सांगतलं. अन् माणसाले काय सांगतलं?" तिकडच्या बोलीत माणूस म्हणजे पुरुष. हा प्रश्न ती मुकादमाला विचारी, हपिसातल्या बाबूंना विचारी आणि मलाही विचारी.

पन्नासच्या दशकात मी चांदा जिल्ह्यात, माजरीच्या बाजूला, एका खासगी कोळसाखाणीच्या दवाखान्यात नर्स होते. ती वॅगनमध्ये कोळसा भरणाऱ्या बायांपैकी एक. उंच, काटक, बसक्या आवाजाची. ती मला शिस्टरबाई म्हणायची, मी तिला मावशी. तुम्ही कधी एखाद्या कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिला असाल, तर अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. मुकादम तिच्यापासून जरा लांबूनच जातो.

दुसऱ्या महायुद्धात कोळसा जास्त हवा म्हणून बायांवरची बंदी उठली होती, त्या लढाईच्या काळात ती नवऱ्याबरोबर खाली खाणीत उतरत असे. तो कोळसा फोडायचा, ती टोपलीत भरून वाहायची. लढाई संपल्यावर बायांना खाली जायला पुन्हा बंदी झाली. खाली जिवाला धोका असतो, असं त्यांना समजावून सांगण्यात आलं. मग माणसं का उतरतात, असं तिनं विचारलं, तेव्हा सांगणारा पुढच्या कामाला निघून गेला. नंतर एका पावसाळ्यात वरचं छत कोसळलं आणि तिचा नवरा आतच राहिला.

यावर तिला रडताना मी कधी पाहिलं नाही. एकदा तिच्या पायाची जखम धुताना एवढंच म्हणाली, "कायद्यानं मले वाचवलं, शिस्टरबाई. बरं केलं. पन धोका त त्या जागेत होता नं. ते जागा कोनं नीट केली?"

तिची सून गरोदर राहिली तेव्हाची गोष्ट. मी बायांना बाकावर बसवून नेहमीचं सांगत होते. जड उचलू नका, दूध प्या, दुपारी आडवं व्हा. मावशी ऐकून उठली आणि निघून गेली. थोड्या वेळानं आपल्या मिशा फुटलेल्या पोराला मनगटाला धरून घेऊन आली. त्याला त्या पोटुशा बायांच्या मधोमध बसवलं आणि म्हणाली, "आता सांगा. हे आयकाचं काम याचं हाये. पानी यानं भरावं, मंग ते आडवी होईन." बाया पदरात तोंड लपवून हसत होत्या. पोराचे कान लाल झाले होते. पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर तो घागर घेऊन उभा होता, आणि त्याला हसणाऱ्यांकडे त्याची आई विहिरीच्या काठावर बसून बघत होती.

बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा होता. म्हणूनच पोट दिसायला लागलं की मुकादम त्या बाईला कामावरून बंद करायचा. रजेचा प्रश्नच मिटला. बाया लुगडं सैल नेसून पोट लपवत आणि टोपल्या उचलत राहत. या सुनेनंही तेच केलं. नातू जिवंत जन्माला आला, हेच पुष्कळ.

पोरांसाठी पाळणाघर ठेवायचाही कायदा होता. खोली होती. तिला कुलूप होतं. पोरं वॅगनच्या सावलीत जुन्या लुगड्यांवर पडलेली असत. रांगत रुळांवर जाऊ नयेत म्हणून सकाळीच त्यांना अफू चाटवत. ती अफू मुकादमाचा भाऊ विकायचा, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. मी आयांवर रागावले. मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं. "खोली उघडा," म्हणाली, "मी आजच अफू फेकतो." मी मॅनेजरकडे किल्ली मागितली. ती खोली तपासणीसाठी आहे, असं उत्तर मिळालं.

मग खरंच तपासणीचा अधिकारी यायचा झाला. कुलूप निघालं. भिंतींना चुना लागला, नवे पाळणे आले, पांढऱ्या चादरी आल्या. बायांना हुकूम झाला की त्या दिवशी पोरांना आंघोळ घालून आणा आणि अफू देऊ नका. सगळ्यांनी तसंच केलं. मावशी मात्र नातवाला होता तसा घेऊन आली. कानात, नाकपुड्यांत कोळशाची भुकटी, डोळे अर्धे मिटलेले, मान लुळी. तिनं त्याला त्या पांढऱ्या चादरीवर ठेवलं.

अधिकाऱ्यानं वाकून पाहिलं आणि याला काय झालंय, असं विचारलं.

"पाळणा आजचा हाये, साहेब," ती म्हणाली. "लेकरू रोजचं हाये. अफू देली त्याले. मीच देली."

साहेब भडकले. आजी आहेस की वैरीण, असं काहीतरी म्हणाले. मॅनेजरला धीर आला. या बायांना पोरांची मायाच नसते, असं तो सांगू लागला. मावशीनं चुंबळ खाली टाकली, पण या वेळी बसली नाही.

"याचा बाप खाली कोळसा फोडून राह्यला. लेकरू कुठी हाये, हे त्याले विचारलं कोनं? खोलीले कुलूप कोनं लावलं, हे विचारलं? मलेच काऊन विचारता?"

खोली आजच उघडली आहे, हे मी साहेबांना सांगितलं.  जाताना ते मॅनेजरला बजावून गेले की पाळणाघर रोज चाललं पाहिजे, आपण न कळवता पुन्हा येऊ.

पाळणाघर रोज चालू लागलं. आणि मावशीला कामावरून काढलं. कारण काय, तर ती लेकराला अफू देते. हे कारण सगळ्यांसमोर सांगायला उभा कोण होता, तर ज्याचा भाऊ अफू विकत होता तोच मुकादम. मी मॅनेजरकडे गेले. पाळणाघराला एक बाई लागणारच आहे, तिलाच ठेवा, म्हटलं. तो हसला. अफू देणारीच्या हातात मुलं देऊ का, म्हणाला. नर्सनं जखमा बांधाव्यात, असंही म्हणाला. ज्या खोलीला यानंच कुलूप लावलं होतं, तिच्या दाराशी उभा राहून हे बोलला. 

मुलगा आणि सून कामावर राहिले. ती वैनगंगेपलीकडे, मार्कंड्याच्या बाजूला, भावाच्या गावी निघाली. मी फाटकापर्यंत गेले. लढू या, वर तक्रार करू या, असं मी बोलत होते. तिनं मला थांबवलं. "लेकरू सावलीत गेलं नं. आता मले काई म्हननं नाई."

मला मात्र म्हणायचं होतं. अजूनही आहे. पुढे कुणी सांगितलं की ती जंगलात मोहफुलं वेचते. कुणी सांगितलं, थकली. मला ती पुन्हा दिसली नाही.

अफू बंद झाल्यावर पोरं जागी राहू लागली. जागी राहू लागली तशी रडू लागली. असं मोकळ्या गळ्याचं, हातपाय झाडत केलेलं रडणं त्या खाणीवर कुणी ऐकलंच नव्हतं. वॅगन भरणाऱ्या बाया टोपली डोक्यावर ठेवून क्षणभर थांबत. तिच्या नातवाचा आवाज सगळ्यांत मोठा होता. आठवड्याभरात हपिसातून शिपाई निरोप घेऊन आला, मॅनेजरसाहेबांना काम करता येत नाही, पोरांना गप्प करा.

मी पाळणाघराच्या हपिसाकडच्या होत्या तेवढ्या खिडक्या उघडल्या.